अल्बममधला प्रवास कापडावर उतरवताना

डोंगरातल्या एका वळणावर बाबा उभे आहेत. दोन्ही हातांत उघडलेला कागदी नकाशा, त्याचं एक टोक वाऱ्याने उचललेलं, मागे डोंगराची धार. फोटो पोस्टकार्डाएवढा, आणि रंग उडून सगळा लालसर झालेला. कापडावर उतरवलेला माझा पहिला फोटो हाच. पुढे जे काही सांगणार आहे त्यातली बहुतेक प्रत्येक पायरी मी याच फोटोवर शिकले, म्हणून तोच समोर ठेवून लिहिते आहे.

प्रवासातले फोटो कापडावर आणायच्या पद्धती पुष्कळ आहेत. दुकानात फाइल दिली की ती जशीच्या तशी कापडावर छापूनही मिळते. पण तसं छापून घेतलेलं कापड हातात आलं की फोटोच मोठा होऊन आल्यासारखा वाटतो, त्यात आपण काही केलेलं नसतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी सायनोटाइप म्हणजे निळी छपाई आणि तिच्यावर हाताचे टाके सुचवते. कापडावर छापायला यंत्र लागत नाही, डार्करूम लागत नाही, रसायन, ऊन आणि पाणी पुरतं. शिवाय या छपाईत रंग एकच, निळा. त्यामुळे फोटोतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवावंच लागतं. हे ठरवणं हाच या कामाचा गाभा आहे. कापड सगळं धरून ठेवत नाही, आणि धरू नयेच.

ही पद्धत जुनी आहे. १८४२ साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञांनी ती शोधली. पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पती-अभ्यासक बाईंनी समुद्री शेवाळांचे ठसे या पद्धतीने कागदावर घ्यायला सुरुवात केली. त्यातून झालेलं पुस्तक छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक मानलं जातं. त्यांनी कॅमेरा वापरलाच नव्हता. शेवाळं थेट रसायन लावलेल्या कागदावर ठेवली आणि उन्हात धरली. पुढे इमारतींच्या नकाशांच्या प्रती याच रसायनाने निघू लागल्या आणि ‘ब्ल्यूप्रिंट’ हा शब्द आला. म्हणजे नकाशा धरून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो आपण नकाशांच्या निळ्यातच छापणार. मला हा योगायोग फार आवडतो.

फोटो निवडताना

अल्बममधला सगळ्यात सुंदर फोटो बहुतेक वेळा कापडासाठी निरुपयोगी असतो. सूर्यास्त, फुलांचे ताटवे, दिव्यांनी उजळलेला चौक, यांची सगळी जादू रंगात असते. रंग काढून घेतला की मागे करडा चिखल राहतो. फोटो लांब धरा, डोळे किलकिले करा आणि बघा: काळे-पांढरे आकार अजूनही वेगवेगळे दिसतात का? दिसत असतील तर तो चालेल. डोंगराची धार आकाशासमोर, खिडकीतून बाहेर बघणाऱ्या मुलाची कड, वाळूवर पडलेल्या लांब सावल्या, होडीचा काळा आकार, स्टेशनच्या पुलाच्या कमानी. हे फोटो कापडावर चांगले उतरतात.

चेहऱ्यांबाबत एक अंदाज सांगते. छापल्यावर चेहरा अंगठ्याच्या नखापेक्षा लहान होणार असेल तर तो विणीत हरवेल. दहा जण रांगेत उभे असलेला फोटो असेल तर चेहऱ्यांचा नाद सोडा आणि रांगेकडे बघा: कोण कोणाच्या खांद्यावर हात टाकून आहे, कोण जरा दूर सरकून उभं आहे, कोणाची मान वळली आहे. घरची माणसं उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखू येतात. माझ्या फोटोत बाबांचा चेहरा नकाशाआड अर्धा झाकला आहे, तरी बघणाऱ्या प्रत्येकाने त्यांना ओळखलं.

निवड झाली की त्या प्रवासाला आलेल्या माणसांना फोटो दाखवा आणि बोलतं करा. वारा कुठून येत होता, बस का थांबली होती, रस्ता चुकला होता का. हे सगळं वहीत टिपून ठेवा, पुढे टाके घालताना ते कामाला येतं. आणि फोटोतली माणसं हयात असतील तर त्यांना विचारूनच पुढे जा. भिंतीवर आपण कसे दिसावं, यावर त्यांचाही हक्क आहे.

मूळ फोटोला धक्का नको

काम नेहमी प्रतीवर करायचं. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, कागद सोलवटतो; पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटोही तसाच राहू द्या आणि काचेवरूनच प्रत घ्या. पोस्टकार्डाएवढ्या फोटोसाठी स्कॅन ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) ठेवा, म्हणजे दुप्पट आकारात छापतानाही ३०० डीपीआय हाताशी राहतात, आणि कापडाला तेवढे भरपूर झाले. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, मोबाइल अगदी समांतर धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. मागची बाजूही स्कॅन करा. तिथे शाईने लिहिलेलं काही असेल तर त्या हस्ताक्षराचाही पुढे उपयोग होतो.

एका पिढीपूर्वीचे रंगीत फोटो लाल का पडतात, हेही सांगायला हवं, कारण बरेच जण असा फोटो बाद करतात. त्या काळच्या कागदावर रंगाचे तीन थर असत, आणि अल्बमच्या अंधारात त्यातला निळसर थर सगळ्यात आधी विरत जाई. उरलेल्या दोघांमुळे फोटो तांबूस दिसतो. आपल्याला कृष्णधवलच करायचा आहे, तेव्हा घाबरू नका. संपादनाच्या ॲपमध्ये रंग काढताना लाल भाग जरा गडद होईल असं बघा. हरवला वाटलेला तपशील बराचसा परत येतो.

निगेटिव्ह तयार करणं

निगेटिव्ह म्हणजे काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल केलेली फोटोची पारदर्शक प्रत. तिचं गणित एकदा नीट समजून घेतलं की पुढे अडत नाही. रसायन लावलेल्या कापडावर जिथे ऊन पोचतं तिथे निळं होतं, जिथे पोचत नाही तिथे पांढरं राहतं. म्हणजे फोटोतल्या पांढऱ्या आकाशावर ऊन अडवायला निगेटिव्हमध्ये काळी शाई हवी. कामाचा क्रम असा ठेवा.

आधी हवा तेवढाच भाग कापून घ्या. मग कृष्णधवल करा. मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, वाढवा, स्क्रीनवर जरा जास्तच वाटेल इतका. कापडाचे धागे रेषा पसरवतात, कडा मऊ करतात, आणि ती तूट वाढवलेल्या कॉन्ट्रास्टने भरून निघते. त्यानंतर रंग उलटे करा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. शेवटी प्रतिमा आडवी उलटवा, आरशात दिसते तशी. ही शेवटची पायरी चुकवू नका. निगेटिव्हची शाईची बाजू कापडाला टेकायला हवी, नाहीतर फिल्मच्या जाडीतून ऊन कडेने आत शिरतं आणि रेषा फुसकट येते. आणि शाई खाली ठेवली की चित्र उलटतं, म्हणून आधीच उलटवून ठेवायचं. बसच्या कपाळावरची पाटी असलेला एक फोटो मी न उलटवता छापला होता. गावाचं नाव उलटं उमटलं आणि तीन तासांचं काम वाया गेलं.

छपाई पारदर्शक फिल्मवर. इंकजेट प्रिंटरची फिल्म वेगळी मिळते, तिच्यावर शाई धरते. लेझर प्रिंटरचा काळा कधीकधी विरळ पडतो. तेव्हा एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती काढून एकावर एक तंतोतंत जुळवा आणि कडेला चिकटपट्टी लावा. फिल्म खिडकीसमोर धरा. काळ्या भागातून पलीकडचं झाड दिसत असेल तर काळा पुरेसा नाही.

इथे आणखी एक वाट आहे, आणि मला ती मनापासून आवडते. सगळा फोटो न छापता पारदर्शक फिल्मवर काळ्या पेनाने फक्त आकार भरा. किंवा काळ्या कागदातून डोंगर, रस्ता, माणूस कापून घ्या आणि काचेखाली मांडा. कागद ठेवला तो भाग पांढरा येईल. संगणक अजिबात न वापरता चित्र होतं, लहान मुलंही हे करू शकतात, आणि काय सोडायचं याचा सराव यातून जितका होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही.

कापड

सुती, लिनन किंवा रेशीम. पॉलिएस्टर नको, रसायन त्यात मुरत नाही, धुताना वाहून जातं. वीण घट्ट आणि गुळगुळीत घ्या, पॉपलीन किंवा कॅम्ब्रिक सुरुवातीला उत्तम. रंग पांढरा किंवा अगदी फिकट, कारण चित्रातलं पांढरं म्हणजे कापडाचा स्वतःचा रंग.

कोऱ्या कापडाला खळ असते. ती काढली नाही तर निळ्यात ढगांसारखे डाग येतात. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून कापड तासभर भिजवा, चोळून धुवा, आणि मग साध्या पाण्यातून तीन-चार वेळा खळखळून काढा. सोडा कापडात राहता कामा नये. हा निळा अल्कली, म्हणजे सोड्यासारखे क्षार, सहन करत नाही. वाळल्यावर इस्त्री करून घ्या. चित्राच्या चारही बाजूंना किमान तीन सेंटिमीटर कापड मोकळं सोडून कापा, नंतर दुमडायला आणि भरतकामाच्या रिंगमध्ये धरायला ते लागतं. त्याच कापडाच्या चार-पाच पट्ट्याही ठेवा, चाचणीसाठी.

रसायन

दोन द्रावणं वेगवेगळी करायची. पहिलं: २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिली पाण्यात. दुसरं: १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, हे लालबुंद दाणे असतात, १०० मिली पाण्यात. दोन्ही गडद रंगाच्या बाटल्यांत भरून नावं लिहून ठेवा. वेगवेगळी ठेवली तर ती टिकतात. पहिल्या बाटलीत बुरशी धरली तर गाळून वापरता येतं. वापरायच्या वेळी दोन्हीचे समान भाग एकत्र करायचे. एकत्र केलेलं मात्र त्याच दिवशी संपवा. ए४ आकाराच्या सुती तुकड्याला मला साधारण १५ मिली मिश्रण पुरतं.

दुसऱ्या रसायनाच्या नावात ‘सायनाइड’ ऐकून लोक दचकतात. या संयुगात तो भाग लोखंडाशी पक्का बांधलेला असतो, त्यामुळे नेहमीच्या वापरात तो सुटा होत नाही. पण तीव्र आम्लाशी किंवा मोठ्या आचेवर त्याची गाठ घालायची नाही, तिथे विषारी वायू तयार होऊ शकतो. हातमोजे घाला, पूड तोलताना मास्क लावा, स्वयंपाकघरातलं भांडं किंवा चमचा एकदा इकडे वापरला की परत तिकडे नेऊ नका. भांडी काचेची किंवा प्लॅस्टिकची घ्या, लोखंडी नकोत. ओट्यावर, फरशीवर पडलेले थेंब लगेच पुसा; उन्हात आले की निळे होतात. मुलं सोबत असतील तर द्रावणं मोठ्यांनीच हाताळावीत.

खोलीचे पडदे लावा. मंद पिवळा दिवा चालतो, ऊन आणि ट्यूबलाइट नको. कापड प्लॅस्टिकच्या कागदावर ताणून टाचा आणि स्पंजच्या ब्रशने आधी आडवं, मग उभं लावत जा. कापड ओलं व्हावं पण निथळू नये. कडा सरळ ठेवायच्या की ब्रशच्या फराट्यांसह सोडायच्या, हे आधी ठरवा. मला फराटे आवडतात, त्यात हात दिसतो. लावलेलं कापड पिवळसर हिरवं दिसेल. अंधाऱ्या जागी आडवं ठेवून पूर्ण वाळू द्या. टांगलं तर द्रावण खाली ओघळतं आणि एक बाजू जड होते. जरासा ओलावा राहिला तरी निगेटिव्हची शाई त्याला चिकटते, तेव्हा घाई नको. वाळलेलं कापड एक-दोन दिवसांत वापरून टाका. फार ठेवलं तर पांढरा भाग मळकट येतो.

ऊन

खाली एक फळी, तिच्यावर कापड, वर निगेटिव्ह शाई खाली करून, आणि सगळ्यांवर काच. कडांना घट्ट क्लिपा. फिल्म आणि कापड यांच्यात हवा राहिली तर तिथे चित्र धूसर येतं. फळी आणि कापड यांच्यामध्ये पातळ फोम किंवा कापडाची घडी ठेवली की दाब सगळीकडे सारखा बसतो.

किती वेळ? पुस्तकी आकडा फारसा उपयोगाचा नाही, कारण हे काम अतिनील किरण करतात आणि ते दिवसाच्या वेळेनुसार आणि ढगांनुसार बदलतात. स्वच्छ दुपारी आठ ते पंधरा मिनिटं धरून चाला, ढगाळ दिवशी अर्धा तास किंवा जास्त. पण आधी पट्टी लावा. रसायन लावलेल्या चाचणीच्या पट्टीवर निगेटिव्हचा एखादा तुकडा ठेवा, सगळं पुठ्ठ्याने झाका, आणि दर तीन मिनिटांनी पुठ्ठा दोन बोटं मागे सरकवा. धुतल्यावर एकाच पट्टीत तीन, सहा, नऊ, बारा मिनिटांचे निळे शेजारीशेजारी दिसतात. यात पंधरा मिनिटं जातात आणि मोठं कापड वाया जाण्यापासून वाचतं.

उन्हात बघत राहा. निगेटिव्हच्या बाहेरची कड आधी निळसर होते, मग गडद, आणि शेवटी तिच्यावर राखेसारखी करडी-तपकिरी झाक चढते. ती झाक आली की समजावं, झालं. इथे नवख्यांचा हात आखडतो. चित्र ठसठशीत दिसायला लागलं की ते लगेच आत घेतात, आणि धुताना अर्धं चित्र वाहून जातं. उन्हात ते हवंय त्यापेक्षा गडद दिसायला हवं.

पाणी

पाण्याखाली चित्र उघडण्याचा क्षण मी कितीही वेळा पाहिला तरी कंटाळत नाही. बाबांचं कापड पहिल्यांदा टबात सोडलं तेव्हा पिवळं-हिरवं पाणी सुटायला लागलं, आधी डोंगराची धार वर आली, मग नकाशाचा पांढरा चौकोन, आणि सगळ्यात शेवटी त्याचं उडालेलं टोक.

साध्या थंड पाण्यात कापड हलवत राहा. पाणी जड असेल तर पहिल्या टबात थोडं व्हिनेगर घाला, मधल्या छटा टिकतात. पिवळा रंग सुटायचा थांबेपर्यंत पाणी बदला. कागदाला पाच मिनिटं पुरतात, कापडाला पंधरा-वीस लागतात. पांढऱ्या भागात पिवळेपणा राहिला तर नंतर उन्हात तो निळा होत जाईल. आता निळा फिका वाटला तर नाराज होऊ नका, हवेतल्या ऑक्सिजनने तो दिवसभरात गडद होतो. धीर धरवत नसेल तर शेवटच्या पाण्यात तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर टाका, डोळ्यांदेखत गडद होईल. सावलीत वाळवा. इस्त्री मागच्या बाजूने आणि मध्यम तापलेली.

टाके

कापड आता एक निळं छायाचित्र आहे. त्याला टाक्यांनी नुसतं सजवायला जाऊ नका. छपाईत जेवढी कड आली आहे तिच्यावरूनच पुन्हा दोरा फिरवला तर दोन्ही मारली जातात. ही चूक सगळ्यात जास्त दिसते: डोंगराला देठाच्या टाक्याने कड, माणसाला कड, झाडाला कड, आणि शेवटी रंगवायच्या वहीतलं पान तयार होतं. टाका तिथे घाला, जिथे फोटोला माहीत नाही ते तुम्हाला माहीत आहे. फोटोत वारा दिसत नाही. त्या दिवशी रस्ता चुकला होता, हे फोटोत नाही. बाबांच्या नकाशावर मी लाल दोऱ्याने एक धावदोऱ्याची ओळ काढली, ती नकाशाच्या कडेपर्यंत येते, कागद सोडून आकाशात जाते आणि डोंगरामागे उतरते. आम्ही खरे गेलो होतो तो रस्ता. वहीत टिपलेली माहिती इथे उपयोगी पडते.

सुरुवातीला तीन टाके पुरेत. धावदोरा रस्त्यासाठी, पाण्यासाठी, वाऱ्यासाठी. उलट टाका अखंड रेषेसाठी आणि अक्षरांसाठी. फोटोमागचं हस्ताक्षर ट्रेसिंग पेपरवर गिरवून उलट टाक्याने भरलं तर ज्याचं आहे त्याचा हात कापडावर येतो. गाठीचा टाका वाळू, पाऊस, लांबचे दिवे यांसाठी. सहापदरी दोऱ्यातले दोन पदर घ्या, ठळक हवं तिथे तीन. दोरा हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंततो. टाका तीन-चार मिलिमीटरचा. गडद निळ्यावर पेन्सिल दिसत नाही, पांढरी खडूची पेन्सिल वापरा. किंवा पातळ कागदावर रेघ काढून तो कापडावर टाचा, कागदासकट शिवा आणि नंतर कागद अलगद फाडून काढा.

लाल दोरा वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सोडत असेल तर बाजूला ठेवा. रिंग रात्री काढून ठेवा, नाहीतर तिचा वळ बसतो. आणि चेहऱ्यावर सुई घालू नका. टाका उसवता येतो, पण घट्ट विणीच्या कापडावर सुईचं भोक दिसत राहतं, आणि चेहऱ्यावर तर ते फारच दिसतं.

प्रवासातले अनेक फोटो असतील तर छोटे छोटे चौकोन छापून जोडा. शिवणीसाठी एक सेंटिमीटर धरा, खाली पातळ कापूस किंवा जुनं मऊ कापड, मग अस्तर, आणि तिन्ही थरांतून गोधडीसारखा धावदोरा. कापडावर घरची गोष्ट शब्दांसह सांगण्याचं काम अमेरिकन चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांनी फार ताकदीने केलं. त्यांची पहिली गोधडी १९८० साली आईसोबत झाली, आणि १९८३ पासून त्या गोधड्यांवर चित्रांच्या जोडीने पूर्ण कथा लिहू लागल्या. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९७४ ते १९७६ या काळात छापील मजकूर आणि चित्रं रेशमी, झिरझिरीत कापडांवर उतरवून ती एकावर एक सैल टांगली होती. मागच्या थरातलं चित्र पुढच्यातून अंधुक दिसतं. आठवण तशीच दिसते, म्हणून दोन फोटो एकत्र आणायचे असतील तर वरचा थर पातळ मलमलीचा घेऊन बघा.

काठासाठी ठसा

हे ऐच्छिक आहे. फोटोतला एखादा छोटा आकार उचला: रस्त्याकडेचे दगड, रेल्वेच्या खिडक्या, लाटेची एक वळी. तो लिनोलियमच्या, म्हणजे कोरता येणाऱ्या मऊ चादरीच्या, तुकड्यावर उलटा उतरवा, कोरणी नेहमी दुसऱ्या हातापासून दूर जाईल अशी धरून कोरा, आणि कापडाच्या शाईने ठसे मारा. शाई रोलरने पातळ लावा, कापडाखाली वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्या ठेवा. शाई वाळल्यावर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे इस्त्रीने पक्की करा. ठसे निळ्या चित्रावर थेट मारण्याऐवजी वेगळ्या पट्टीवर मारून ती पट्टी चित्राला जोडावी, असं माझं मत आहे. एक ठसा तिरका बसला तर पट्टी बदलता येते.

जपणं, आणि मागची बाजू

साबण लावायचाच झाला तर अल्कली नसलेला, अगदी सौम्य. कपड्यांच्या पावडरने हा निळा पिवळा पडून उडतो. कडक उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. थोडा फिका झालाच तर काही दिवस अंधारात ठेवा, बराचसा परत येतो. घडी घालून ठेवण्यापेक्षा नळीवर गुंडाळून ठेवा.

मागच्या अस्तरावर सुती कापडाची एक छोटी पट्टी शिवा आणि तिच्यावर टाक्यांनी किंवा पक्क्या शाईने लिहा: जागा, साल, फोटोत कोण आहे, कापड कोणी केलं. आणि फोटो कोणी काढला. हे शेवटचं नाव अल्बममध्ये कुठेच नसतं, कारण ते माणूस कॅमेऱ्यामागे असतं. पहिल्यांदा फोटो कापून घेताना मी त्याची खालची बोटभर पट्टी काढून टाकली होती, तिथे रस्त्यावर एक बेढब काळा डाग होता. दुसऱ्या कापडाच्या वेळी नीट पाहिलं. दोन कोपर बाहेर काढून उभ्या असलेल्या बाईची ती सावली होती. आईने कॅमेरा धरला होता. आता ती पट्टी चित्रात आहे, आणि तिच्या कडेने पांढऱ्या दोऱ्याचा एकपदरी धावदोरा आहे.